क्लिच्को ‘दुबळ्या काळाचा राजा’ नव्हता

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला तिघांकडून आला. आधी म्हापशाच्या मित्राने पाठवला, मग जहाजावर असलेल्या मावसभावाने, आणि शेवटी डिचोलीत आमच्या संध्याकाळच्या बॉक्सिंग सरावाला येणाऱ्या पोरांपैकी एकाने ग्रुपवर टाकला, "सर, हें पळयात" असे लिहून. मजकुराचा सारांश असा: युक्रेनचा बॉक्सर व्लादिमिर क्लिच्को हा हेवीवेटच्या, म्हणजे सर्वांत जड वजनगटाच्या, इतिहासातला सर्वांत फुगवलेला चॅम्पियन. त्याच्या काळात समोर कोणी नव्हतेच. हनुवटी काचेची, म्हणजे ठोसा न सोसणारी; तीनदा बाद झाला. उंचीच्या जोरावर आणि मिठ्या मारून जिंकला. माइक टायसनने त्याला एका फेरीत झोपवला असता. टायसन फ्युरी समोर आल्यावर त्याचे पितळ उघडे पडले. सबब, सार्वकालिक पहिल्या पंचवीसांतही त्याला जागा नाही.

माझ्या हिशेबात तो आठवा आहे. महंमद अली, जो लुई, लॅरी होम्स, फोरमन, मार्सियानो, लेनॉक्स लुईस, होलिफील्ड आणि मग क्लिच्को. यात कोणी दोन-तीन जागा वरखाली करील, त्याबद्दल मी भांडणार नाही. पण पंचविसाच्या बाहेर? हे पोरांच्या डोक्यात बसता कामा नये.

समोर कोणी नव्हते, हा आरोप सगळ्यांत जास्त चालतो, म्हणून आधी तोच घेतो. नावे आपल्याला माहीत नसणे वेगळे आणि माणसे दुबळी असणे वेगळे. टायसनच्या जमान्यात हेवीवेट म्हणजे अमेरिका, लास व्हेगास, अटलांटिक सिटी. क्लिच्कोच्या काळात हा सगळा पसारा जर्मनीत गेला. लढती मॅनहाइमला, कोलोनला, हॅम्बुर्गला. समोरचे रशियाचे, उझबेकिस्तानचे, बल्गेरियाचे, नायजेरियाचे. अमेरिकन टीव्हीवर बॉक्सिंग शिकलेल्या आमच्या पिढीला ही नावे उच्चारतासुद्धा येत नव्हती. पण हिशेब बघा. सॅम्युअल पीटर, कॅल्विन ब्रॉक, सुलतान इब्रागिमोव्ह, रुस्लान चगायेव्ह, अलेक्झांडर पोवेत्किन, कुब्रात पुलेव्ह, ब्रायंट जेनिंग्ज. हे सातही जण क्लिच्कोसमोर पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा एकही लढत हरलेले नव्हते. पोवेत्किन तर 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता. 2013 मध्ये मॉस्कोत, त्याच्याच घरी, क्लिच्कोने त्याला चार वेळा जमिनीवर बसवला आणि तिन्ही पंचांनी 119–104 असे गुण दिले. तोच पोवेत्किन 2020 मध्ये, चाळिशीत, डिलियन व्हाइटला एका अपरकटने, म्हणजे खालून वर येणाऱ्या ठोशाने, गार करून गेला. याला दुबळा कोण म्हणेल?

त्या यादीत हलकी माणसे होतीच. मॉर्मेक, पियानेटा, लियापाई यांच्याशी झालेल्या लढतींची जाहिरात करायला मी जाणार नाही. पण साडेनऊ वर्षे पट्टा, म्हणजे चॅम्पियनपद, राखणाऱ्या कुठल्या माणसाच्या यादीत असे लोक नाहीत? जो लुईने पट्टा 25 वेळा राखला, हा विक्रम आजही उभा आहे. त्याच्याही प्रतिस्पर्ध्यांना तेव्हाचे पत्रकार ‘महिन्याचा एक भणंग’ म्हणत. होम्सलाही त्याच्या काळात हेच ऐकावे लागले. चॅम्पियन रिंगमध्ये असतो तोवर त्याचा काळ दुबळा असतो, आणि तो गेल्यावर तोच काळ सुवर्णयुग होतो. आपल्या फुटबॉलवाल्यांना हे सांगायला नको. गोव्याच्या धेंपो क्लबने 2005 ते 2012 या काळात पाच वेळा देशाची लीग जिंकली. त्या वर्षांत बाकीचे क्लब कमी पडले म्हणून पणजीत कोणी एक करंडक कमी मोजला नाही.

क्लिच्कोचा चॅम्पियनपदाचा दुसरा कालखंड 22 एप्रिल 2006 ला मॅनहाइममध्ये ख्रिस बर्डला हरवून सुरू झाला आणि 28 नोव्हेंबर 2015 ला संपला. मधे 18 वेळा पट्टा राखला. सलग कालावधी मोजला तर त्याच्या पुढे फक्त लुई आहे.

आता हनुवटी. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मजकूर लिहिणाऱ्याने जे क्लिच्कोच्या विरुद्ध म्हणून मांडले आहे, त्याच्यासाठीच मी त्याला वरची जागा देतो. तीन पराभव खरे आहेत. 1998 मध्ये कीव्हमध्ये रॉस प्युरिटीसमोर बावीस वर्षांचा क्लिच्को इतका दमला की अकराव्या फेरीत त्याच्याच कोपऱ्याने लढत थांबवली. 2003 मध्ये हॅनोव्हरला कोरी सँडर्सच्या डाव्या हाताने दोन फेऱ्यांत खेळ संपवला. 2004 मध्ये लास व्हेगासला लॅमन ब्रूस्टरला चार फेऱ्या चोपून काढल्यावर पाचवीत स्वतःच कोसळला. वय अठ्ठावीस. सगळ्यांनी त्याच्या नावावर काट मारली होती.

ब्रूस्टरची लढत ही इमॅन्युएल स्टुअर्ड या प्रशिक्षकाबरोबरची त्याची पहिली लढत होती. दुसरा कोणी असता तर प्रशिक्षक बदलून मोकळा झाला असता. याने गुरू तोच ठेवला आणि स्वतःचे बॉक्सिंग मुळापासून उसवून पुन्हा शिवले. आधी तो उजवा हात शोधत धावायचा आणि सहाव्या फेरीपर्यंत फुप्फुसे रिकामी करायचा. नंतर तो अंतर मोजायला लागला, श्वास जपायला लागला. सप्टेंबर 2005 मध्ये अटलांटिक सिटीत सॅम्युअल पीटर समोर होता: 24 लढती, 24 विजय, त्यांतले 21 नॉकआउट. पीटरने त्याला तीनदा पाडले, दोनदा पाचव्या फेरीत आणि एकदा दहाव्यात. तिन्ही वेळा तो उठला, बाराव्या फेरीत त्यानेच पीटरला हादरवले, आणि तिन्ही पंचांकडे 114–111 ने जिंकला. काचेची हनुवटी असलेल्या माणसाची ही रात्र नव्हे. एप्रिल 2004 पासून एप्रिल 2017 पर्यंत, तेरा वर्षे, त्याची लढत वेळेआधी कोणालाही थांबवता आली नाही. ब्रूस्टरला त्याने 2007 मध्ये सहा फेऱ्यांत परत पाठवले.

आणि मग सगळ्यांना एकच माप लावा. लेनॉक्स लुईसला मॅकॉलने 1994 मध्ये आणि रहमानने 2001 मध्ये एकेका ठोशात बाद केले, तरी त्याला कोणी यादीतून काढत नाही. जो लुईला श्मेलिंगने 1936 मध्ये बाराव्या फेरीत झोपवला होता. डेम्प्सीला 1917 मध्ये पहिल्याच फेरीत फायरमन जिम फ्लिनने बाद केले होते. पडला की नाही हे मी बघतो, पण पडल्यावर पुढच्या वर्षी काय बदलून आला हे आधी बघतो.

उंचीचे म्हणणे तर रिंगजवळ उभे राहिलेल्या माणसाच्या तोंडी शोभत नाही. नुसत्या उंचीने जमत असते तर जेस विलर्ड आणि कार्नेरा आज अलीच्या रांगेत असते, आणि सात फुटांचा वालुएव्ह डेव्हिड हेपुढे हरला नसता. पोलंडचा मारियुश वाख क्लिच्कोपेक्षा उंच होता. 2012 मध्ये त्याच्याविरुद्ध क्लिच्को बारा फेऱ्या जॅबवरच, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशावरच, जिंकला.

आमच्याकडे एक पोरगा आहे, सहा फुटांच्या वर, अजून वाढतोय. जुलैत पत्र्यावर पावसाचा इतका आवाज असतो की सूचना ओरडून द्याव्या लागतात. त्याच्या डाव्या काखेत मी जुन्या पेपरची घडी ठेवतो आणि जॅब मारायला सांगतो. कोपर बाहेर उघडले की हात सुटण्याआधीच घडी खाली पडते. पहिल्या दिवशी दहात आठ वेळा पडली. हात पुढे जाऊन हनुवटीशी परत येईपर्यंत त्याचे पाय एका रेषेत यायचे, आणि त्याच्या खांद्याएवढा पोरगा आत घुसून बरगडीत मारून जायचा. उंच माणसाला अंतर फुकट मिळत नाही. ते दर सेकंदाला पायांनी राखावे लागते.

क्लिच्कोच्या लढती मी पोरांना आवाज बंद करून दाखवतो. डावा हात बघा म्हणतो. तो आधी ठोसा मारतच नाही. उघड्या पंजाने समोरच्याचा पुढचा ग्लोव्ह चाचपतो, दाबतो, डोळ्यांसमोर धरून नजर अडवतो. समोरचा तो हात झटकायला गेला की त्याच जागेवरून जॅब येतो. तीन-चार फेऱ्या हेच चालते. मग एकदा तोच हात अर्ध्यावर वळतो आणि हुक, म्हणजे बाजूने येणारा ठोसा, होतो. पुलेव्ह 2014 मध्ये पाचव्या फेरीत असाच गेला. जॅबच्या तयारीत होता आणि हुक आला.

मिठ्यांबद्दल मात्र मजकूर अर्धा बरोबर आहे. पोवेत्किनच्या लढतीत क्लिच्कोने त्याच्या मानेवर इतके वजन टाकले की मला ती लढत पोरांना दाखवावीशी वाटत नाही. पंचाने अकराव्या फेरीत एक गुण कापला, तो फार आधी कापायला हवा होता. 2008 ची इब्रागिमोव्हविरुद्धची लढत न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवत पाहिली, तेही रास्त होते. कंटाळवाणेपणाचे गुण कापायचे तर जरूर कापा. मी कापले आहेत, म्हणून तो होलिफील्डच्या खाली आहे.

टायसनची एक फेरी? 1987 मध्ये, टायसन ऐन भरात असताना, सहा फूट पाच इंचांचा टोनी टकर त्याच्यासमोर पूर्ण बारा फेऱ्या टिकला. त्याच वर्षी बोनक्रशर स्मिथ मिठ्या मारत बारा फेऱ्या टिकला. क्लिच्कोचा जॅब या दोघांपेक्षा कितीतरी जड होता. पहिल्या तीन फेऱ्यांत मला त्याची काळजी वाटली असती, एवढे कबूल.

राहिला फ्युरी. 28 नोव्हेंबर 2015 च्या त्या रात्री ड्युसेलडॉर्फमध्ये क्लिच्को एकोणचाळीस वर्षांचा होता आणि त्याचा हातच सुटत नव्हता. हरला, स्वच्छ हरला. पण मजकूर तिथेच थांबतो आणि 29 एप्रिल 2017 ची लढत गिळून टाकतो. वेम्ब्लीत 90,000 लोक, समोर सत्तावीस वर्षांचा अपराजित अँथनी जोशुआ, आणि क्लिच्को एक्केचाळीसचा. पाचव्या फेरीत पडला, भुवई फाटली, उठला, आणि फेरी संपायच्या आत जोशुआचेच पाय लटपटवले. सहाव्यात सरळ उजव्या हाताने त्याला खाली बसवले. अकराव्यात पंचाने लढत थांबवली तेव्हाही तो उभाच होता.

त्याच्या विरुद्ध एक खरा मुद्दा आहे आणि तो या मजकुरात नाहीच. त्याच्या काळातला दुसरा सर्वांत मोठा हेवीवेट त्याचा सख्खा भाऊ व्हिताली होता. एकमेकांशी लढणार नाही, असा शब्द दोघांनी आईला दिला होता, आणि तो पाळला. लेनॉक्स लुईस 2004 च्या सुरुवातीला निवृत्त झाला, त्याच्याशीही गाठ पडली नाही. अलीला फ्रेझर मिळाला, होलिफील्डला बो मिळाला. क्लिच्कोला तशी जोडी मिळाली नाही, म्हणून माझ्या यादीत तो पाचवा नाही, आठवा आहे.