गोगलगायीला हात लागल्याने मेंदूत कृमी शिरत नाही : एक खुलासा

‘शंखी गोगलगायीला नुसता हात लागला तरी मेंदूत किडा शिरतो आणि आजारी कुत्र्याकडून तो घरच्यांना लागतो’ असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. १९३५ मध्ये चीनमधील कँटन येथे उंदरांत आढळलेल्या या कृमीचे (इंग्रजीत ‘रॅट लंगवर्म’) जीवनचक्र आता नीट ज्ञात आहे : प्रौढ कृमी उंदराच्या फुप्फुसातील रक्तवाहिन्यांत राहतात, त्यांच्या अळ्या लेंड्यांतून बाहेर पडून गोगलगायीत वाढतात, आणि अशी गोगलगाय किंवा तिचा तुकडा कच्चा पोटात गेला की अळ्या मेंदूपर्यंत पोचून बाधा होते. माणसात वा कुत्र्यात हे चक्र पूर्णच होत नाही, म्हणून त्यांच्यापासून इतरांना लागण होत नाही.

खरी काळजी पावसाळी पालेभाजीची घ्यावी, कारण कोथिंबिरीच्या जुडीत देठाशी चिकटलेले गोगलगायीचे नखाएवढे पिल्लू सहज नजरेतून सुटते. जुडी सोडून पान न् पान वाहत्या पाण्याखाली धुवावे, मिठाच्या पाण्यावर विसंबू नये. खेकडे, कोळंबी यांतही या अळ्या असू शकतात, म्हणून ती पूर्ण शिजवावी. हातावरून काही चुकून तोंडात जाऊ नये म्हणून गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात, नंतर हात साबणाने धुवावेत, आणि कुत्र्याला त्या चघळू देऊ नयेत. त्याचे मागचे पाय लुळे पडू लागल्यास पशुवैद्यांना त्वरित दाखवावे. आजारी कुत्र्यांना घाबरून रस्त्यावर सोडले जाऊ नये, यासाठी तो संदेश कृपया पुढे पाठवू नये.