जुन्या १९११ ची माशी दिसत नाही? आधी कानस खाली ठेवा

पिस्तुलाचा नेम धरतात तो पुढच्या टोकावरची माशी, म्हणजे छोटं उभं पातं, मागच्या भागातल्या खाचेत जुळवून. दोन्ही मिळून साइट्स; त्या बसतात स्लाइडवर, म्हणजे नळीवरच्या सरकत्या पोलादी भागावर. जुनं अमेरिकी लष्करी १९११ पिस्तूल (१९११ हे मॉडेलचं नाव) हातात आलं की एक सल्ला हमखास मिळतो: "याची माशी आणि खाच नावापुरती आहे, यावर नेम धरायचाच नसतो. खाच कानसीने रुंद कर, माशीवर पांढरा ठिपका दे, नाहीतर स्लाइड कापून नव्या साइट्स बसव." अमेरिकेत २०१८ पासून सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम ही नेमबाजीची संस्था सैन्याकडची ही जुनी पिस्तुलं नागरिकांना विकते आहे, आणि नव्या मालकांच्या कानावर सगळ्यात आधी हेच पडतं. यातलं बरंचसं चूक आहे, आणि एकदा केलं की ते परत फिरवता येत नाही.

नेम धरायचाच नव्हता, हे तर सरळसरळ खोटं. १९११ ची मूळ माशी बारीक होती, खाच छोटी होती, हे खरं. पण ही तक्रार सैन्यानेच ऐकली. १९२० च्या दशकात ए१ आवृत्ती आली तेव्हा माशी जाड केली, खाचही मोठी केली. नेमच धरायचा नसता तर हा खटाटोप कशाला? साइट्स बुटक्या ठेवल्या कारण पिस्तूल म्यानातून अडकल्याशिवाय निघायला हवं होतं.

आता कानस. मागची साइट हा सुटा भाग आहे, स्लाइडमधल्या आडव्या खोबणीत घट्ट बसवलेला. पितळी पंचाने ठोकून तो सरकवता येतो, काढताही येतो. मग मूळ भागावर कानस का चालवायची? रुंद खाचेचा दुसरा भाग बसवा आणि मूळ डबीत जपून ठेवा. फक्त उंची मोजून घ्या. माशी आणि खाच यांच्यात साधारण १६५ मिलिमीटर अंतर आहे, म्हणजे मागची साइट १ मिलिमीटर उंच झाली तर २५ मीटरवर गोळी सुमारे १५ सेंटिमीटर वर लागते. माशी तेवढीच घासली तरी परिणाम तोच.

माशीचं प्रकरण वेगळं आहे. तिचं खालचं टोक स्लाइडच्या भोकातून आत जातं आणि आतून ठोकून पसरवलेलं असतं. ती काढली की बहुधा वाया जाते. नवी बसवायला स्लाइडमध्ये खोबण कापली तर ऐंशी वर्षं टिकलेला लष्करी नग कायमचा बिघडला. माझ्या मते हे करूच नये. त्यातून ट्रिटियमच्या, म्हणजे अंधारात आपोआप चमकणाऱ्या साइट्स बसवल्या तर साडेबारा वर्षांच्या आत त्यांचा उजेड निम्म्यावर येणार.

रंगाचा सल्ला मात्र अर्धा बरोबर आहे. चूक आहे ती ठिपक्यात. ठिपका माशीच्या मधोमध असेल तर अंधुक उजेडात डोळा त्याचाच वरचा काठ खाचेच्या वरच्या कडेशी जुळवतो. खरी माशी तेव्हा वर डोकावत असते आणि गोळी वर जाते. म्हणून रंग लावायचा तो माशीच्या नेमबाजाकडल्या पूर्ण पृष्ठावर, अगदी वरच्या धारेपर्यंत, पण धारेवरून पुढे ओघळू न देता. आधी तेलाचा अंश पुसून काढा, मग पांढऱ्या नेलपॉलिशचा पातळ हात, तो वाळल्यावर वर भगवा. खाचेला काही लावू नका, ती काळीच हवी. नको झालं तर अ‍ॅसिटोनने निघतं. प्लास्टिकच्या मुठीवर मात्र थेंब पडू देऊ नका. आणि भर उन्हात कागदी लक्ष्यावर नेमबाजी करायची असेल तर रंगापेक्षा काळी धारच सरस. जुने स्पर्धक साइट्सना मुद्दाम काजळी धरवत, ती चमक मारण्यासाठीच.

या सल्ल्यात एक गोष्ट कुणी बोलतच नाही: डोळे. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं. वाचायचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटरसाठी असतो; हात ताणल्यावर माशी ६५-७० सेंटिमीटरवर जाते. त्या चष्म्यातून ती धूसरच दिसणार. चष्मेवाल्याला डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर मोजून सांगा आणि नेमाच्या डोळ्यासाठी त्या अंतराची काच करून घ्या.

दोष पिस्तुलाचा की नजरेचा, हे घरीच कळतं. पिस्तूल रिकामं करा, चेंबर (नळीतली काडतूस बसतं ती जागा) दोनदा तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. चष्म्याच्या काचेवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा, त्याला सुईने बारीक भोक पाडा आणि त्यातून सुरक्षित दिशेला नेम धरा. माशीची धार एकदम रेखीव दिसली तर काम चष्मेवाल्याकडे आहे, गनस्मिथकडे नाही.