पारधी ‘जन्मजात गुन्हेगार’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरतोय: ‘पारधी, भटके हे जन्मजात गुन्हेगार. इंग्रजांनी उगाच कायदा केला नव्हता. पोलिसांच्या रेकॉर्डला त्यांचीच नावं असतात. त्यांच्या बायका घरं हेरतात. पाल दिसलं की हुसकून लावा.’

आधी इंग्रजांचा कायदा. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा चोरी करणाऱ्याला नव्हे, अख्ख्या जमातीला लागायचा. नोंदवहीत नाव, ठाण्यात हजेरी, परगावी जायचं तर पास. त्याच कायद्यात तृतीयपंथीयांचीही नोंद होती. बाईच्या वेषात चारचौघांत दिसलं तरी विनावॉरंट अटक व्हायची. यात चोरी कुठे आली? ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, म्हणून या जमाती ‘विमुक्त’.

आता रेकॉर्ड. २००३ मध्ये नाशिकजवळ दरोडा, बलात्कार आणि खून झाले. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर धरले. त्या रात्री वाचलेल्या साक्षीदार बाईंनी पोलिसांच्या अल्बममधल्या चार वेगळ्याच माणसांवर बोट ठेवलं होतं. त्या चौघांचा तपासच झाला नाही. तरी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीच ठोठावली. ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला लावली. सोळा वर्षं तुरुंगात गेली, त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. जे आधी उचलले जातात त्यांचीच नावं रेकॉर्डला चढतात, आणि मग तेच रेकॉर्ड पुरावा म्हणून दाखवलं जातं. मला याचा फार राग येतो.

बायकांबद्दल एवढंच सांगते. ओळखीच्या एका पारधी ताईंच्या कमरेच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली सोनाराची पावती असते. घड्यांवर फाटलेली, पण जपलेली. दोन मणी आणि एक वाटी, कधी कोण विचारेल सांगता येत नाही. माझ्या मंगळसूत्राची पावती आजवर कुणी मागितली नाही.

राहिलं ‘हुसकून लावा’. १ जुलै २०१८, राईनपाडा, तालुका साक्री, जिल्हा धुळे. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज तेव्हाही फिरत होते. आठवडी बाजारात आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतल्या पाच जणांना जमावानं धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. ते भिक्षा मागायला आले होते.