पाचशेत काय येतं आणि फुकटात काय येतं

भाऊ,

तुमच्या प्रतिक्रियेचं उत्तर खालच्या दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून वेगळं लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की आपल्या भागातल्या नव्या लेखकांनी पुस्तक छापायला टाकण्याआधी निदान पहिली वीस पानं जाणत्या संपादकाकडून तपासून घ्यावीत. त्यासाठी आम्ही काही जणांनी मिळून पाचशे रुपयांत ही सोय सुरू केली आहे, हेही लिहिलं होतं. त्यावर ‘एक शेतकरी वाचक’ अशी सही करून तुम्ही तीन गोष्टी सुनावल्या. पूर्वीचे संपादक नवोदितांना फुकट मार्गदर्शन करत, तुम्ही त्याचं दुकान मांडलं. जिथं बियाणं उधारीवर आणावं लागतं तिथल्या पोरांकडून पैसे घेताना लाज वाटायला हवी. आणि पुण्या-मुंबईचा संपादक आमच्या वऱ्हाडीवर इस्त्री फिरवून ती सपाट करेल. शेवटी जाता जाता लिहिलंत की पुतण्याची एकशे ऐंशी पानांची कादंबरी वहीत पडून आहे. त्या पुतण्याबद्दल शेवटी बोलतो.

आधी फुकटाचं. तुमच्या डोळ्यांसमोर ‘सत्यकथा’ मासिक असणार. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकाच्या कथेवर किती बारकाईने काम करत, हे त्या पिढीच्या लेखकांनी पुष्कळदा सांगितलेलं आहे. कथा परत यायची, पण सोबत पत्र यायचं. लेखकाला त्याचा खर्च नव्हता, हे खरं. पण त्यामागे ते मासिक काढणाऱ्या मौजेचा गिरगावात खटाववाडीतला छापखाना होता, बाहेरची छपाईची कामं होती, संपादकाच्या वेळाचे पैसे तिथून निघत होते. म्हणजे पैसे कुणीतरी मोजतच होतं, लेखकाला ते दिसत नव्हतं इतकंच. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडली. आज निव्वळ हस्तलिखितं वाचायला पगारी माणूस ठेवणारे मराठी प्रकाशक शोधावे लागतात. मग नवोदिताचं वाचणार कोण, आणि कशाच्या बळावर?

आपल्याकडचं आजचं फुकट मार्गदर्शन तुम्हीही पाहिलं असेल. पोरगं हस्तलिखित घेऊन ज्येष्ठांकडे जातं. ते टेबलावरच्या गठ्ठ्यात जातं. चार महिन्यांनी फोन केला की, ‘छान जमलंय, लिहीत राहा.’ फार आग्रह झाला तर दोन पानांची प्रस्तावना मिळते. तिच्यात ग्रामीण जीवनाचं विदारक वास्तव असतं, मातीचा गंध असतो, आणि पुस्तकातल्या एकाही पात्राचं नाव नसतं. मी त्या ज्येष्ठांना दोष देत नाही. दर महिन्याला अशी हस्तलिखितं दारात येत असतील तर फुकटात कोण किती वाचणार? पण पोरगं त्या ‘छान’च्या भरवशावर छपाईला जातं.

आणि तिथं त्याला पाचशे मागत नाहीत. नव्या लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढायचा धंदा आता लपून राहिलेला नाही. कागद, छपाई, मुखपृष्ठ आणि प्रकाशन समारंभ असं पॅकेज असतं, तीनशे-पाचशे प्रतींचे वीस-तीस हजार सहज मागतात. माझ्या ओळखीतल्या एकाने सोयाबीनच्या पैशातून हे केलं. त्याच्या पुस्तकात नायिकेचं नाव मधल्या प्रकरणापासून बदललेलं आहे. छापण्याआधी कुणीही ते पुस्तक सलग वाचलं नव्हतं, प्रकाशकाने तर नाहीच. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी ती चांगलीच आहे, जरूर अर्ज करावा. पण ते अनुदान पुस्तक काढायला असतं. परीक्षकांपुढे जाणारं हस्तलिखित लेखकाने आधीच घोटून ठेवलेलं असावं लागतं. म्हणून माझी तक्रार पैसे घेण्याबद्दल नाही. जे पैसे जातात ते सगळे कागदावर जातात, वाचणाऱ्याला एक रुपया मिळत नाही, याबद्दल आहे.

आता पाचशे कुठून आले, तो हिशेब. ओळीओळीने संपादन करायचं तर चांगला माणूस तासाला पाच-सात पानांच्या पुढे जात नाही. दोनशे पानांच्या कादंबरीला तीस-पस्तीस तास धरा. त्याचा योग्य मोबदला द्यायचा म्हटलं तर आपल्या भागातल्या पोराला तो झेपणारच नाही, आणि मोबदला पाडून मागितला तर काम वरवरचं होणार. यातून वाट अशी निघते की नव्या लेखकाच्या चुका दर पानाला नव्या नसतात. त्याची खोड एकच असते आणि ती सगळीकडे येते. वीस पानांत ती नीट दाखवून दिली की उरलेल्या एकशे ऐंशी पानांत तो स्वतः शोधू शकतो.

एका पोराच्या कथेचं उदाहरण देतो, त्याच्या परवानगीने. बाप कापूस घेऊन जिनिंगवर जातो, काट्यावर गाडी चढते, ओलावा जास्त आहे म्हणून भाव पाडतात. बाप काट्यावरून उतरतो आणि काही न बोलता बैलांच्या तोंडापुढे कडबा टाकतो. कथा तिथं उभी राहिली होती. पण पोरगं पुढे दीड पान शेतकऱ्याची व्यथा, व्यवस्थेचं दुष्टचक्र असं लिहीत गेलं होतं. संपादकाने समासात एवढंच लिहिलं: ‘बापाने तोंड मिटलं आहे. तू का बोलतोस?’ सुरुवातीच्या दोन परिच्छेदांवर, म्हणजे पहाट, दंव आणि कोंबड्याचं आरवणं यावर, तिरपी रेघ मारून खाली प्रश्न: ‘गाडी जुंपण्यापासून सुरू केलं तर काय हरवेल?’ काहीच हरवत नव्हतं. त्या पोराने स्वतःच्या बाकीच्या कथा काढून बसून पाहिल्या, तर प्रत्येक कथेची सुरुवात पहाटेची आणि शेवट भाषणाचा. पुढचं काम त्याने एकट्याने केलं, त्याला आणखी पैसे लागले नाहीत.

क्रमही सांगून ठेवतो, कारण इथं पैसे फार वाया जातात. आधी रचना, मग भाषा, आणि मुद्रितशोधन सर्वांत शेवटी. आपली पोरं उलटं करतात, आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासायला देतात. जी पानं उद्या कापायची आहेत त्यांच्या वेलांट्या सुधारायला पैसे देणं म्हणजे पेरणी झाल्यावर नांगर घालणं.

वऱ्हाडीबद्दलची तुमची भीती मला मान्य आहे, असे संपादक असतात. पण त्यावर उपाय संपादक टाळणं हा नाही. शुद्धलेखनाचे १९६२चे नियम घेतले तरी पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला त्यांत मोकळीक आहे. त्याच कथेत बाप म्हणतो, ‘मले काय इचारतं? त्याले इचार.’ त्याला कुणी हात लावला नाही. संपादकाने विचारलं ते निवेदकाबद्दल. पान चारवर ‘तो निघून गेला’ आणि पान पाचवर ‘थो निंगून गेला’. निवेदक वऱ्हाडीत बोलणार असेल तर शेवटपर्यंत बोलू दे, नसेल तर तसं, पण एक काहीतरी ठरव. हा प्रश्न पोराला आजवर कुणी विचारलाच नव्हता. आणि संपादक पुण्याचाच हवा असं कोण म्हणतं? अमरावती, अकोला, नागपूरच्या वर्तमानपत्रांनी मुद्रितशोधकांची पदं कमी केली तेव्हा पक्क्या नजरेची माणसं घरी बसली. मराठी शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक आहेत. विदर्भ साहित्य संघाला १९२३पासूनची परंपरा आहे, त्या वर्तुळात वाचणारी माणसं सापडतात. आमचे दोघेही संपादक याच भागातले आहेत, त्यांना इथली बोली समजावून सांगावी लागत नाही.

राहता राहिली लाज. पाचशे रुपये इथं थोडे नाहीत, हे मला कळतं. म्हणून पैसे पीक विकल्यावर दिले तरी चालतात, आणि ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी वाचनालयात बैठक असते. तालुक्याच्या वाचनालयाची खोली रविवारी दुपारी रिकामीच असते. चार जणांनी दहा-दहा पानं आणायची, संपादक एकदाच येतो, चौघांत वाटून दीडशेच्या आसपास पडतं. दुसऱ्याच्या पानावरचे शेरे ऐकताना स्वतःचं पान आपोआप दिसायला लागतं, हा त्यातला खरा फायदा. बसायला वेळ नसेल त्याला संपादक व्हॉट्सॲपवर वीस मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवतात. लिहून द्यायला लागतो त्याच्या निम्माही वेळ लागत नाही, म्हणून तो स्वस्त पडतो. पण अगदी फुकट मात्र आम्ही करणार नाही. फुकट वाचणाऱ्याला ‘कधी वाचणार?’ असं विचारायची सोय नसते. पैसे दिलेलं पोरगं पंधराव्या दिवशी फोन करतं, आणि तो त्याचा हक्क असतो.

आमच्याकडेच या असंही नाही. बाहेर कुणाकडे द्यायचं असेल तर आधी दोन पानांचा नमुना तपासून मागा. जो ‘पुस्तक नक्की काढून देतो’ म्हणतो त्याला संपादनाचे पैसे देऊ नका. जो संपादक आणि छपाईवाला एकच आहे तो तुमचं पुस्तक थांबवा असं कधी म्हणणार नाही, हेही लक्षात असू द्या.

आता पुतण्या. वही आमच्याकडे पाठवू नका, हरवली तर दुसरी प्रत नाही. त्याला म्हणावं, मोबाइलवर युनिकोडमध्ये पहिली दहा पानं टाइप कर, बोलून टाइप केलं तरी चालेल, त्यातल्या चुका तशाच राहू दे. सोबत एक असं पान जोड जे तुला स्वतःला फसलंय असं वाटतं. पीडीएफ नको, साधी फाइल हवी, म्हणजे समासात लिहिता येतं. पुढची बैठक दिवाळीनंतर, वेचणीचा पहिला जोर ओसरला की. तुम्हीही या त्याच्यासोबत, आणि पाचशेचं भांडण तिथं समोरासमोर करू.