डावीकडून एफएल, उजवीकडून एम

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला वायुदलाच्या मिग-२१ या लढाऊ विमानाचा निरोपसमारंभ झाला. तो वरच्या मजल्यावरच्या काकांनी आमच्याकडे बसून टीव्हीवर पाहिला. काका ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमानांच्या सरकारी कारखान्यातून, निवृत्त झालेले. १९७० साली लागले, तेव्हा तिथं मिगचा एफएल हा प्रकार बनत होता. विमानं शेवटची उडाली तसे काका खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले आणि उगाच चष्मा पुसत बसले. अशा वेळी माणसानं गप्प बसावं. मी म्हणालो, "काका, तुम्हाला एक मिग करून देतो."

"नवीन खोका घरात येणार नाही," स्वयंपाकघरातून आवाज आला. "आहे त्यातून करा काय ते."

आहे ते म्हणजे आम्रखंडाचा एक किलोचा डबा. विमानांची छोटी मॉडेलं करायचा मला वीस वर्षांचा नाद आहे. मॉडेलच्या सुट्या भागांच्या या खोक्यांत लागतात त्यापेक्षा जास्त भाग येतात. एकाच साच्यात दोन-तीन प्रकारांची सोय केलेली असते, म्हणून दोन तऱ्हेच्या शेपट्या, जादा क्षेपणास्त्रं, न लागणाऱ्या इंधनाच्या टाक्या उरतात. त्या टाकवत नाहीत. त्यामुळे डब्यात हंटर या जुन्या लढाऊ विमानाच्या टाक्या होत्या, नॅट या दुसऱ्या विमानाचे तिरंगी गोल स्टिकर होते, धड एका विमानाचं आणि मुंडकं दुसऱ्याचं असा एक वैमानिक होता. आणि तळाशी दोन मिग होती. म्हणजे अर्धं अधिक अर्धं.

पहिलं मिग एफएल. त्याचा रंग आवडला नाही म्हणून मी तो बायकोच्या नेलपॉलिश रिमूव्हरनं काढायला गेलो होतो. रंग निघाला. रंगाखालचं विमानही निघालं. उजवी बाजू बशीत चिकट खिरीसारखी उरली, डावी वाचली. दुसरं मिग एम, हा नंतरचा प्रकार. त्याच्या डाव्या बाजूवर माळ्यावरून उतरताना मीच पाय दिला. उजवी शाबूत. एक डावी, एक उजवी, दोन्ही बहात्तरास एक या प्रमाणातल्या. देवानंच जमवून आणलेलं स्थळ म्हणायचं.

स्थळ बघताना पत्रिका मात्र बघितली नव्हती. एफएलची पाठ सडपातळ असते आणि एमच्या पाठीवर कॉकपिटच्या मागून लांबलचक फुगवटा असतो. दोन बाजू जोडल्या तर मधोमध दोन मिलिमीटरची पायरी पडली. ऐकायला किरकोळ वाटतं, पण बहात्तरनं गुणलं की खऱ्या विमानात जवळजवळ साडेचौदा सेंटिमीटर होतात. एवढ्या पायरीला माणूस ठेचकाळतो.

मी हाय खाल्ली नाही. शेवटच्या काळातल्या बायसन मिगमध्ये तरी काय होतं? सांगाडा जुना, रडार नवं रशियन, दिशा दाखवणारी यंत्रणा फ्रेंच. वायुदलाला चालतं ते मला का चालू नये?

पायरी बुजवायला गॅरेजवाल्याकडून लांबी आणली, म्हणजे गाडीच्या पत्र्यातले खड्डे भरायचा लगदा. दिवसभर भरायची, रात्री पॉलिश पेपरनं घासायची. चौथ्या दिवशी पायरी गेली आणि तिच्या जागी उंटाचा वशिंड आला. तोही घासला, तेव्हा खालचं प्लॅस्टिक आरपार दिसायला लागलं. मग पुन्हा लांबी. घरभर पांढरी धूळ. कामाच्या मावशी म्हणाल्या, "दादा, भिंत पाडताय का?"

पंखांचं वेगळंच. पंख दोन्हीकडचे जवळपास सारखे, पण एफएलला एका पंखाखाली शस्त्र लटकवायला एकच जागा आणि एमला दोन. म्हणजे माझं विमान डावीकडे एक क्षेपणास्त्र घेऊन निघणार, उजवीकडे दोन. भाजी आणायला एका हातात पिशवी आणि दुसऱ्यात दोन पिशव्या घेतलेला माणूस कसा चालतो, तसं ते जरा कलूनच उडालं असतं.

एक गोष्ट मात्र साधली. नाकावरची लांब सुई हरवलेली होती. त्यासाठी निरांजनावर रिकाम्या स्प्रूचा तुकडा धरला. स्प्रू म्हणजे ती प्लॅस्टिकची चौकट, जिला सगळे भाग लगडलेले असतात. तुकडा मऊ होऊन जरा लोंबला की ज्योतीबाहेर काढायचा आणि दोन्ही टोकं सावकाश ओढायची. पाकाची तार यावी तशी तार येते, केसाइतकी बारीक, आणि दोन सेकंदांत ताठ होते. मी इतका खूश झालो की सात सुया केल्या. देवघरात प्लॅस्टिकचा वास का येतोय, या चौकशीनं ते पर्व संपलं.

काचेवर सुपरग्लू लावायचा नाही, त्याच्या वाफेनं काच धुरकटते, हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे. तरीही लावला. आता कॉकपिटमध्ये डिसेंबरातल्या पहाटेचं धुकं आहे. वैमानिकाचं मुंडकं उसनं आहे हे कुणाला दिसत नाही, हा फायदा.

मग चाकं लावली आणि विमान शेपटीवर बसलं. नाक आकाशाकडे, बूड टेबलावर. नाकात वजन भरायला हवं होतं. सुदैवानं मिगचं नाक म्हणजे उघडं भोकच, हवा तिथूनच आत जाते. फक्त मधला शंकू बसवायचा राहिला होता. टायरच्या दुकानात गेलो.

"चाकं बॅलन्स करता ना, ते शिशाचे तुकडे द्या दोन-तीन."

"गाडी कुठली?"

"मिग-२१."

"ती शोरूमला न्यावी लागेल," असं म्हणून त्यानं तुकडे मात्र फुकट दिले. मी सगळे भरले. विमानानं नाक खाली केलं, क्षणभर शहाण्यासारखं उभं राहिलं, आणि पुढचा पाय काडकन मोडला.

डब्यात दुसरा पाय नव्हता. बायकोनं विमान हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "चौकात असतं तसं खांबावर बसवा की. चाकंच नकोत."

इतका सोपा उपाय मला सुचला नाही याचा राग बाजूला ठेवून मी पोटात भोक पाडलं, अगरबत्तीची काडी खोचली आणि खाली लाकडी ठोकळा दिला. वर चंदेरी रंग दिला. चंदेरीत प्रत्येक ओरखडा उठून दिसतो, म्हणून चांगलं काम वरच्या अंगाला आणि पापं पोटाखाली, असं आधीपासूनच धोरण ठेवलं होतं. तिरंगी गोल लागतात सहा आणि होते पाच. ते पिवळे पडलेले, म्हणून आठवडाभर खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात उजळले. सहावा कमी पडला तो एका पंखाखाली. न बुजलेली फट, बोटाचा ठसा, हंटरची टाकी, सगळं खालीच. पोटाकडे कोण बघतंय?

कपाटावर ठेवलं. काका आले, सोफ्यावर बसले, वर पाहिलं. खांबावरच्या विमानाचं खालून पोटच दिसतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

काका बराच वेळ बघत होते. "टाकी हंटरची."

"हो."

मग उठले, चष्मा वर करून डावीकडून पाहिलं. चेहरा खुलला. "एफएल!" उजवीकडे गेले. चेहरा पडला. "एम." मग समोर उभे राहिले आणि बाजूला झाले. "दोन मिगांचं सामान होतं ना रे तुझ्याकडे?"

"हो काका."

"मग यात एकही कसं नाही?"

चहा होईपर्यंत त्यांनी स्वतःच खुर्ची ओढली, विमान कपाटावरून उतरवून टीव्हीशेजारी ठेवलं आणि उजवी बाजू भिंतीला टेकवली. आता ते तसंच असतं. मावशी धूळ पुसताना फिरवतात. जिन्यात काकांची काठी वाजली की आम्ही ते परत वळवतो.