रडणारं मूल नंतर, गप्प मूल आधी

कॅज्युअल्टीत नर्स म्हणून उभं राहिलं की एक गोष्ट रोज दिसते. जे मूल हातपाय झाडत, घसा फोडून रडतंय त्याच्याभोवती सगळे जमा होतात. आजी, मामा, सिक्युरिटीवाला, कधीकधी डॉक्टरसुद्धा. आणि बाकावर आईच्या खांद्यावर मान टाकून पडलेलं दुसरं मूल रांगेत थांबतं. त्याची आई कोंकणीत सांगते, "जोर देंवला सिस्टर, आतां न्हिदलां." ताप उतरला, आता झोपलंय. मला काळजी वाटते ती त्या दुसऱ्याची.

जोरात रडायला बरंच काही शाबूत लागतं. श्वासाची वाट मोकळी हवी, छातीत हवा हवी, मेंदूला रक्त पोचायला हवं. तसं रडणारं मूल दुखण्यात असेल, पण आपल्याला थोडा वेळ देतं. गप्प पडलेलं मूल तो वेळ देईलच असं नाही. म्हणून लहान मुलाला हात लावण्याआधी दुरूनच तीन गोष्टी बघायच्या असतात: ते कसं वागतंय, श्वास कसा घेतंय, कातडीचा रंग कसा आहे. आईच्या मांडीवरून त्याला उचलायचंही नाही. काही सेकंदांचं काम आहे, यंत्र लागत नाही. तरी गर्दीत नेमकं हेच राहून जातं.

श्वास तर घरीही मोजता येतो. मूल शांत असताना झबलं वर करा, घड्याळ समोर ठेवा आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, तान्ह्यांचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, हा जागतिक आरोग्य संघटनेने धरलेला जलद श्वास. बरगड्यांखाली खळगा पडत असेल किंवा श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येत असेल तर मोजत बसू नका, निघा.

मुलं आपल्याला फसवतात ती रक्तदाबात. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं की मुलाचं हृदय धावायला लागतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब बराच वेळ ठीकच दिसतो. तो घसरतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून 'बीपी नॉर्मल आहे' या वाक्यावर मुलाला मागे ठेवणं मला पटत नाही. छातीच्या मधोमध बोटाने पाच सेकंद दाबा आणि सोडा. रंग दोन सेकंदांत परतायला हवा. हातपाय गार लागणं एवढ्यावर मात्र जाऊ नका, ताप चढतानाही ते गार पडतात.

थर्मामीटरवर आपला भलताच विश्वास. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, मुलाला १०३ ताप येतो आणि रात्रीच्या पावसात सगळं घर गाडीत बसतं. ते मूल आमच्याकडे येऊन माझ्या ओळखपत्राशी खेळतं. आणि १०० ताप असलेलं, सकाळपासून पेजेचा घोट न घेतलेलं, लघवी न केलेलं मूल 'ताप कमी आहे' म्हणून घरी राहतं. औषधाने ताप उतरल्यावर मूल कसं आहे ते बघा. उतरल्यावरही ते डोळ्याला डोळा देत नसेल, काहीच पीत नसेल, प्यायलेलं सगळं उलटून टाकत असेल, तर आकडा विसरा. एक अपवाद पक्का धरा: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला की बाळ हसत असलं तरी दवाखान्यात.

येताना औषधाची बाटली आणा. "पाच मिली दिलं" एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही. पॅरासिटामॉलच्या एका सिरपमध्ये ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात २५०, आणि थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १००. चौदा किलोच्या मुलाला एका वेळी साधारण २१० मिलिग्रॅम लागतं. थेंबांच्या बाटलीतून पाच मिली गेलं तर झाले ५००. मुलांचा डोस वजनावर ठरतो, वयावर नाही. कॅज्युअल्टीच्या दारात वजनकाटा हवा तो यासाठी.

आता मनातलं बोलते. गोवा लहान, रस्ते बरे, बांबोळीला मोठं इस्पितळ. त्यामुळे पेडणे असो की काणकोण, 'घाला गाडीत, पाठवा बांबोळीला' ही सवय लागली आहे. पाठवणं चूक नाही, काही न करता पाठवणं चूक आहे. मागच्या पावसाळ्यात एका ठिकाणाहून सुस्त पडलेलं बाळ आलं. चिठ्ठीवर फक्त 'ताप, पुढील उपचारासाठी'. वजन लिहिलेलं नव्हतं, शेवटचा डोस कधी दिला ते नव्हतं, साखर तपासलेली नव्हती. आम्ही टाचेतून थेंबभर रक्त घेतलं, साखर फार खाली होती. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि थोड्या वेळात बाळाने डोळे उघडून आईला शोधलं. लहान मुलांच्या अंगात साखरेचा साठा मुळात थोडा, दोन वेळा खाल्लं नाही तरी तो संपायला लागतो. ग्लुकोमीटर त्या पहिल्या ठिकाणीही होताच की! सगळा प्रवास त्या बाळाने तसाच केला, याचा मला अजून राग येतो.

मोठ्यांचा ऑक्सिजन मोजायचा चिमटा तान्ह्याच्या बोटावर बसत नाही, आणि मोठा मास्क त्याच्या चेहऱ्यावर हवा सांडतो. लहान मापाचा चिमटा, लहान मास्क, वजनकाटा आणि आल्या आल्या मुलाकडे बघणारं एक शिकलेलं माणूस, एवढं प्रत्येक तालुक्याच्या कॅज्युअल्टीत चोवीस तास मिळायला हवं. आणि रेफरच्या चिठ्ठीवर वजन, श्वासाचा आकडा, साखर आणि दिलेल्या औषधाची वेळ लिहिल्याशिवाय १०८ रुग्णवाहिकेचं दार बंद होऊ नये. तुमच्या मुलाला कुठून पुढे पाठवलं तर ही चार उत्तरं तिथेच मागून घ्या.