सिक्वेन्सर ४/४मध्ये अडकलेला नाही

सध्या एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सिक्वेन्सर सॉफ्टवेअरला (ज्यात स्वर मांडून गाणं रचतात आणि वाजवतात) ४/४ आणि १२० बीपीएमपलीकडचं (मिनिटाला १२० मात्रा) काही कळत नाही, टाइम सिग्नेचर (एका बारमध्ये, म्हणजे मात्रांच्या एका गटात, कोणत्या नोटच्या किती मात्रा हे सांगणारा ४/४सारखा आकडा) बदलली की गाण्याचा वेग बिघडतो, ३/४ आणि ६/८ त्याला एकच, लय हळूहळू उतरवता येत नाही, आणि टेम्पोतल्या बारीक चुका साचून ट्रॅक शेवटी घसरतात. यातलं एखादं अर्धंमुर्धं खरं आहे, म्हणून बाकीचंही खपून जातं.

आधी वेगाचं. सिक्वेन्सर प्रत्येक स्वराची जागा टिकमध्ये, म्हणजे मात्रेच्या बारीक तुकड्यांत, धरून ठेवतो. एका क्वार्टर नोटचे (४/४मधल्या एका मात्रेचे) ४८० टिक समजा. १९२०व्या टिकवरचा स्वर ४/४मध्ये दुसऱ्या बारच्या पहिल्या मात्रेवर दिसेल. सिग्नेचर ७/८ केलीत तर बार १६८० टिकचा होतो आणि तोच स्वर दुसऱ्या बारच्या दुसऱ्या एट्थवर (एट्थ म्हणजे अर्धी क्वार्टर) जाऊन बसतो. ऐकू मात्र येतो १२० बीपीएमला सुरुवातीपासून बरोब्बर २ सेकंदांनीच. हलल्या त्या फक्त बारच्या उभ्या रेषा.

खरा गोंधळ होतो तो ‘बीपीएम नेमका कशाचा’ यावरून. मिडी फाइल (आवाज नव्हे, कोणता स्वर कधी वाजवायचा याची नोंद) टेम्पो क्वार्टर नोटचाच नोंदवते. कागदावर ६/८मध्ये ‘डॉटेड क्वार्टर = ८०’ (डॉटेड म्हणजे दीडपट) असेल तर तिथे १२० हवं. मी एकदा ८०च टाकलं आणि अख्खी संध्याकाळ गायकाला ‘अरे, एवढा रेंगाळतोस का?’ म्हणून छळलं. (काही प्रोग्रामांत बीपीएम कोणत्या नोटचा ते निवडता येतं, ते आधी बघून घ्या.)

४/४ आणि १२० हा पिंजरा नाही. १९८८च्या स्टँडर्ड मिडी फाइलच्या नियमांत काहीच लिहिलं नसेल तर हे धरा, एवढंच म्हटलंय. मर्यादा आहे ती दुसरीच: सिग्नेचरचा खालचा आकडा दोनचा घात म्हणून साठवला जातो. त्यामुळे ७/८ किंवा १३/१६ बिनघोर लिहा, पण ४/३ लिहिता येणार नाही. तक्रार करायचीच तर ही करा.

३/४ आणि ६/८चे बार लांबीला सारखेच, १२०ला दोन्ही दीड सेकंदाचे. म्हणून ग्रिडकडे बघून दोन्ही एकच वाटतात. फाइलमध्ये मात्र मेट्रोनोमची टिकटिक किती मिडी क्लॉकनी (एका क्वार्टरचे २४) पडावी याचा वेगळा आकडा असतो: ३/४साठी साधारणपणे २४, ६/८साठी ३६. म्हणजे एका बारमध्ये तीन ठोके की दोन, हा फरक नोंदवायची सोय आहे. पुष्कळ प्रोग्राम तो आकडा न पाळता सहाही एट्थवर क्लिक वाजवतात, हे कबूल.

लय उतरवण्याबद्दल फार बोलायला नको. टेम्पो ट्रॅकवर उतार काढा. मिडी फाइलमध्ये उतार नावाची गोष्ट नाही, एक्स्पोर्ट करताना त्याच्या बारीक पायऱ्या होतात. पायऱ्या पुरेशा लहान असल्या की कानाला त्या कळत नाहीत. शिवाय क्लिक बंद ठेवून मनासारखं वाजवून नंतर बारच्या रेषा त्या वादनावर बसवता येतात. ‘निर्जीव’ वाटतं ते सगळं शंभर टक्के क्वांटाइझ केल्यामुळे (म्हणजे प्रत्येक स्वर ग्रिडच्या रेषेवर नेमका खेचल्यामुळे), आणि ते बटण आपणच दाबतो.

राहिलं घसरण्याचं. टेम्पो दर क्वार्टर नोटला किती मायक्रोसेकंद असा पूर्णांकात साठतो. १३०ला तो ४६१५३८.४६ हवा, साठतो ४६१५३८. दहा मिनिटांच्या गाण्यात एकूण फरक पडतो सुमारे ०.६ मिलिसेकंद. एवढ्याने काही घसरत नाही. घसरतो तो आवाजाचा ट्रॅक. १२०ला रेकॉर्ड केलं आणि मग टेम्पो ११८ केला, तर मिडीचे स्वर पसरतात, पण रेकॉर्ड केलेला आवाज आपल्या सॅम्पलना (आवाजाच्या दर सेकंदाला घेतलेल्या हजारो नोंदींना) चिकटून राहतो: ४४,१०० हर्ट्झला दर मात्रेमागे २२,०५०. साठ मात्रांनंतर दोघांत अर्ध्या सेकंदाचं अंतर पडलेलं असतं. ती क्लिप बार-बीटला बांधून स्ट्रेच (आवाज ताणून टेम्पोला जुळवणं) चालू करायचा पर्याय बहुतेक प्रोग्रामांत आहे, फक्त तो टेम्पो बदलण्याआधी निवडायचा असतो.